पाळलेला पक्षी पिंजऱ्यातून उडाला तर काय करायचं? पहिल्या मिनिटापासून तिसऱ्या दिवसापर्यंत

पाण्याची वाटी बदलायला पिंजऱ्याचं दार उघडलं, तेवढ्यात पक्षी हातावरून निसटला आणि समोरच्या कडुनिंबावर जाऊन बसला. घरातले सगळे अंगणात धावले, मुलांनी आरडाओरड केली, कुणीतरी टॉवेल घेऊन फांदीकडे झेपावलं. पक्षी दुसऱ्यांदा उडाला आणि दिसेनासा झाला.

पक्षी पाळणाऱ्या बऱ्याच घरांत हा प्रसंग कधी ना कधी येतो. "गेला तो गेला" असं म्हणून अनेक जण तासाभरात शोध थांबवतात. प्रत्यक्षात पिंजऱ्यात वाढलेला पक्षी अनेकदा घराजवळच असतो. त्याला परत यायचं असतं, पण कसं यायचं ते कळत नसतं. नीट शोध घेतला तर तो सापडू शकतो. उशीर झाला तर मात्र ऊन, पाऊस, मांजर किंवा शिक्रा त्याला गाठतात.

भंडारा जिल्ह्यासारख्या तलाव, धानाची शेतं आणि जंगल असलेल्या भागात हा शोध कसा घ्यायचा, कायदा काय सांगतो आणि दुसऱ्याचा पक्षी आपल्याकडे आला तर काय करायचं, ते समजून घेऊया.

थोडक्यात

- पक्ष्यामागे धावू नका. एकाने फक्त त्याच्यावर नजर ठेवावी.
- त्याचा पिंजरा दार उघडं ठेवून गच्चीवर किंवा अंगणात, त्याला दिसेल असा ठेवा.
- जोडीदार पक्षी असेल तर त्याला बंद पिंजऱ्यात बाहेर आणा. त्याचा आवाज सगळ्यात उपयोगी पडतो.
- अंधार पडण्यापूर्वी पक्षी कोणत्या फांदीवर आहे ते पाहून ठेवा आणि पहाटे उजाडण्याआधी तिथे पोहोचा.
- विजेच्या खांबावर किंवा तारेजवळ स्वतः चढू नका.
- उडालेला पक्षी देशी पोपट, म्हणजे राघू असेल तर कायदा वेगळा आहे. तो भाग खाली वाचा.

पक्षी उडतो का आणि परत का येत नाही?

बहुतेक वेळा पक्षी 'पळून' जात नाही, तो दचकतो. कुकरची शिट्टी, फटाका, पिंजऱ्यावर झेपावलेलं मांजर किंवा डोक्यावरून गेलेली घार यांपैकी काहीही त्याला पुरेसं असतं. घाबरलेला पक्षी समोर मोकळी जागा दिसेल तिकडे सरळ उडतो आणि दमला की मिळेल त्या उंच जागी बसतो.

खरी अडचण इथून सुरू होते. घरात वाढलेल्या पक्ष्याने आयुष्यभर एका खोलीत, जास्तीत जास्त आठ-दहा फूट उंचीवर उड्डाण केलेलं असतं. वर चढणं त्याला जमतं. पण ४० फूट उंच चिंचेच्या शेंड्यावरून तिरकं खाली कसं यायचं, हे तो कधी शिकलेलाच नसतो. त्यामुळे मालक खाली उभा राहून हाका मारतो, पक्षी वरून उत्तरही देतो, पण खाली येत नाही. तो हट्टी नाही, घाबरलेला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे नवख्या जागी छोटे पक्षी सुरुवातीला गप्प बसतात. आवाज केला तर शिकारी पक्ष्याला पत्ता लागेल, हे त्यांना उपजत कळतं. म्हणून पहिल्या तासाभरात काहीच ऐकू आलं नाही, तरी पक्षी दूर गेला असा अर्थ काढू नये.

पहिला अर्धा तास

१. कामं वाटून घ्या. एकाने पक्ष्यावरून नजर हटवायची नाही. तो उडाला तर कोणत्या दिशेने, किती उंचीवरून आणि दमल्यासारखा की जोरात, हे पाहायचं. खाली खाली येत उडत असेल तर तो जवळच उतरणार आहे. दुसऱ्याने पिंजरा आणि खाणं आणायचं. तिसऱ्याने शेजाऱ्यांना सांगून त्यांची कुत्री-मांजरं थोडा वेळ आत ठेवायला लावायची.

२. गर्दी हटवा. पक्षी ज्या माणसाला ओळखतो, त्यानेच झाडाखाली थांबावं. बाकीच्यांनी दूर बसावं. दगड मारणं, काठीने फांदी हलवणं, पाण्याचा फवारा मारणं हे प्रकार करू नयेत. 'पंख भिजले की पडेल' असं सांगितलं जातं, पण बहुतेकदा पक्षी घाबरून आणखी दूर जातो.

३. पिंजरा बाहेर ठेवा. त्याचाच जुना पिंजरा, त्याचीच वाटी, त्याचं आवडतं खाणं. पिंजरा शक्यतो उंचावर, म्हणजे गच्चीवर, कौलारू घर असेल तर अंगणातल्या टेबलावर ठेवावा. पक्षी वरून पाहत असतो. पिंजरा छपराखाली असेल तर त्याला तो दिसतच नाही.

४. जोडीदाराचा आवाज ऐकवा. बजरीगर, कॉकटेल आणि लव्हबर्ड हे थव्यात राहणारे पक्षी आहेत. जोडीतला दुसरा पक्षी बंद पिंजऱ्यात बाहेर आणला की तो हाक देऊ लागतो आणि उडालेला पक्षी उत्तर देतो. त्यावरून जागाही कळते. दुसरा पक्षी नसेल तर मोबाइलमध्ये असलेला त्याचाच जुना व्हिडिओ लावा. थोडा वेळ आवाज, मग दोन-तीन मिनिटं शांतता आणि कान देऊन ऐकणं, असं करत राहा. सतत आवाज चालू ठेवला तर त्याचं उत्तर ऐकू येणार नाही.

भंडाऱ्यात नेमकं कुठे शोधायचं?

शहरात आणि गावात शोधण्याची पद्धत वेगळी असते.

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी अशा शहरांत पक्षी आधी गच्चीवरच्या टाकीवर, डिशच्या छत्रीवर, कपड्यांच्या दोरीवर किंवा जवळच्या मोठ्या झाडावर बसतो. पाण्याची उघडी टाकी, गळणारा नळ, एसीखालचं पाणी अशा जागा नक्की पाहाव्यात. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात उडालेला पक्षी काही वेळातच सावली आणि पाणी शोधतो. दुपारी तो दाट पानांत निपचित बसलेला असतो, म्हणून शोधाचा जोर सकाळी आणि संध्याकाळी ठेवावा.

गावात घराभोवती लगेच धानाची शेतं सुरू होतात. भर शेतात पक्ष्याला बसायला जागा नसते. घाबरून उडालेला पक्षी शेत ओलांडून पहिल्या झाडांच्या रांगेवर उतरतो. त्यामुळे उडाल्याची दिशा माहीत असेल तर त्या दिशेचे धुरे, त्यांवरची बाभळी, मोह आणि आंब्याची झाडं एकेक करून तपासावीत. जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या भरपूर आहेत. त्यांच्या पाळीवरची झाडंही पाहावीत, कारण सावली आणि पाणी तिथे एकत्र मिळतं.

थव्यांकडे लक्ष द्या. एकटा पडलेला बजरीगर अनेकदा चिमण्यांच्या थव्यात मिसळतो. हिरवा-पिवळा रंग असल्याने नीट पाहिलं तर वेगळा ओळखू येतो. धान पिकत येतं त्या दिवसांत चिमण्या, मुनिया आणि पोपटांचे थवे शेतांवर उतरतात, तिथे शेतकऱ्यांना विचारावं. राखणीला बसलेल्या माणसाची नजर पक्ष्यांवरच असते.

नकाशावर घर मध्यभागी धरून वर्तुळं आखावीत. आधी आपली गल्ली आणि मागची गल्ली, मग अर्धा किलोमीटर, मग एक किलोमीटर. पहिल्याच दिवशी दूरच्या गावात जाऊन शोधण्यात अर्थ नाही.

दिसला, पण खाली येत नाही

थेट झाडाखाली उभं राहू नका. पक्ष्याला सरळ खाली उतरता येत नाही, तिरकं येणं सोपं जातं. म्हणून झाडापासून थोडं लांब, शक्य असेल तर समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावर किंवा गच्चीवर उभं राहावं. पक्षी आणि तुम्ही यांच्यातली उंची जितकी कमी, तितकी तो येण्याची शक्यता जास्त.

नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या शब्दांत बोला. त्याच्यासमोर बसून खा. थव्यातले पक्षी दुसऱ्याला खाताना पाहून जवळ येतात. बजरीगरसाठी राळ्याचं कणीस किंवा बाजरी, मोठ्या पोपटांसाठी सूर्यफुलाच्या बिया, मक्याचं कणीस, पेरूची फोड अशी ओळखीची वस्तू हातात दिसू द्या.

पक्षी जवळच्या फांदीवर आला तरी झडप घालू नका. हातावर बसायची सवय असेल तर बोट पुढे करून थांबा. सवय नसेल तर त्याला स्वतःहून पिंजऱ्यात शिरू द्या आणि लांबून दोरी ओढून दार बंद करा. पिंजऱ्याच्या दाराला आधीच दोरी बांधून ठेवणं हा साधा उपाय फार कामाचा आहे. घाईत मारलेली एक झडप चुकली की पक्षी पुन्हा तासन्‌तास जवळ येत नाही.

संध्याकाळ महत्त्वाची का?

पोपटवर्गातले पक्षी दिवसा वावरणारे आहेत. अंधारात त्यांना नीट दिसत नाही आणि ते शक्यतो उडत नाहीत. सूर्य मावळायच्या सुमारास ते झोपायची जागा निवडतात आणि सकाळपर्यंत तिथेच राहतात. भंडाऱ्यात डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास, तर जूनमध्ये सातच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधीचा एक तास शोधासाठी सगळ्यात मोलाचा आहे. याच वेळी पक्षी हाकाही देतात.

अंधार पडल्यावर पक्षी हाताच्या उंचीवर असेल तरच मऊ कापडाने अलगद पकडायचा प्रयत्न करावा. उंच फांदीवर असेल तर बॅटरी मारून त्याला उठवू नये. दचकून अंधारात उडालेला पक्षी भिंतीवर किंवा तारेवर आदळू शकतो. फांदी लक्षात ठेवा, झाडाचा फोटो काढा आणि पहाटे उजाडण्याच्या अर्धा तास आधी पिंजरा घेऊन तिथे पोहोचा. रात्रभर उपाशी राहिलेला पक्षी सकाळी भुकेला असतो. आदल्या दिवशी न आलेला पक्षी दुसऱ्या सकाळी खाली उतरण्याची शक्यता म्हणूनच जास्त असते.

व्हॉट्सॲपवर आणि गावात कसं कळवायचं?

पक्षी शेवटी कुणाच्या तरी अंगणात उतरतो. त्या माणसापर्यंत निरोप पोहोचणं हा शोधाचा अर्धा भाग आहे. पोस्ट लहान असावी, फोटो एकच पण स्पष्ट असावा आणि तारीख असलीच पाहिजे. तारीख नसलेले मेसेज पक्षी सापडल्यावरही महिनोन्‌महिने फिरत राहतात. नमुना असा:

> पक्षी हरवला आहे. राखाडी रंगाचा कॉकटेल, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर केशरी ठिपका. रविवार दि. ___ रोजी सकाळी ९ वाजता खांब तलाव परिसर, भंडारा येथून उडाला. माणसाळलेला आहे, शिट्टीला उत्तर देतो. दिसल्यास पकडायला धावू नका, फोटो काढून जागा कळवा. संपर्क: ___

'फोटो काढून जागा कळवा' हे वाक्य महत्त्वाचं आहे. नाहीतर चांगल्या हेतूने पोरं मागे लागतात आणि पक्षी आणखी दूर जातो.

मेसेज फक्त मोठ्या ग्रुपवर टाकून थांबू नका. पुढच्या लोकांना प्रत्यक्ष भेटून सांगितलेलं जास्त कामी येतं:

- सकाळी फिरणारे लोक, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, घंटागाडीवरचे कर्मचारी
- शाळेतली मुलं. झाडावरचा वेगळा पक्षी सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो
- पक्षी आणि त्यांचं खाद्य विकणारे दुकानदार. पक्षी सापडलेला माणूस पिंजरा किंवा दाणे घ्यायला तिथेच जातो
- जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना
- गावात ग्रामपंचायतीचा ग्रुप, आणि जिथे अजून प्रथा आहे तिथे दवंडी

बक्षीस जाहीर करावं का?

जुलै २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकूर शहरात एका कुटुंबाचा 'रुस्तुमा' नावाचा आफ्रिकन ग्रे पोपट उडून गेला. कुटुंबाने शहरभर पोस्टर लावले आणि ५० हजार रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. काही दिवसांनी पोपट त्याच शहरात सापडला. तो एका माणसाच्या हाती लागला होता आणि त्याने त्याला पिंजऱ्यात ठेवलं होतं. कुटुंबाने आनंदाने त्याला ८५ हजार रुपये दिले.

आकडा बाजूला ठेवला तरी यातून दोन गोष्टी कळतात. पक्षी दूर गेलेला नव्हता. आणि तो झाडावर नव्हता, तर कुणाच्या तरी घरात सुरक्षित होता. त्या घरापर्यंत बातमी पोस्टरमुळे पोहोचली.

बक्षीस द्यायचं तर 'योग्य बक्षीस' एवढंच लिहावं. मोठा आकडा दिसला की फसवणारे फोन येतात. 'पक्षी आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा' असं कुणी म्हणालं तर पैसे पाठवू नयेत. त्यासाठी पोस्टमध्ये एक ओळखीची खूण मुद्दाम लिहू नये, उदाहरणार्थ पायातल्या कडीचा रंग, तुटलेलं नख किंवा तो बोलतो तो शब्द. फोन करणाऱ्याला ती खूण विचारावी. व्हिडिओ कॉलवर पक्षी पाहावा आणि पैसे पक्षी हातात आल्यावरच द्यावेत.

तारा, विहिरी आणि मांजा

पक्षी वाचवताना माणसाचा जीव धोक्यात घालू नये. पक्षी एकाच तारेवर बसला असेल तर त्याला सहसा शॉक लागत नाही, कारण त्याच्या शरीरातून प्रवाह जमिनीत जात नाही. माणसाचं तसं नसतं. लोखंडी शिडी, ओला बांबू किंवा आकडीची काठी तारेला लागली तर क्षणात जीव जाऊ शकतो. पक्षी तारेत अडकला असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर किंवा स्थानिक कार्यालयात फोन करून मदत मागावी. त्यांच्या माणसांनी वीजपुरवठा बंद केल्याशिवाय जवळ जाऊ नये.

कठडा नसलेल्या विहिरीत किंवा तलावात पक्षी पडला तर उडी न मारता दोरीला टोपली किंवा फांदी बांधून सोडावी.

संक्रांतीच्या आसपास झाडांवर नायलॉन मांजा लटकलेला असतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो दिसतो. मांजात अडकलेल्या पक्ष्याला ओढू नये. आधी त्याचं अंग कापडात धरावं आणि मग धागा कात्रीने कापावा. पंखात रुतलेला तुकडा डॉक्टरकडूनच काढून घ्यावा.

उडालेला पक्षी राघू असेल तर?

इथे गोष्ट बदलते. विदर्भातल्या अनेक घरांच्या ओसरीत राघूचा पिंजरा टांगलेला असतो. पण हिरवा, लाल चोचीचा हा देशी पोपट पाळणं बेकायदा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो संरक्षित पक्षी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (लागू १ एप्रिल २०२३) त्याचा समावेश अनुसूची दोनमध्ये आहे. बाजारात 'पहाडी' म्हणून विकला जाणारा मोठा करण पोपट, जांभळट डोक्याचा तुईया आणि लाल मुनिया हे सगळेही रानपक्षीच आहेत. त्यांना पकडणं, विकणं आणि पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

विदर्भातलाच एक किस्सा देशभर गाजला होता. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथे एका वृद्ध महिलेने तक्रार केली, की सावत्र मुलाने शिकवलेला 'हरियल' नावाचा पोपट तिला पाहून शिव्या देतो. पोलिसांनी पोपटाला ठाण्यात बोलावलं. तिथे त्याने तोंडही उघडलं नाही. बातमी विनोदी म्हणून फिरली, पण तिचा शेवट कमी लोकांच्या लक्षात आहे. पोपट वनविभागाकडे सोपवण्यात आला.

मग उडालेल्या राघूचं काय? कायदा पाहता त्याला परत पकडून पिंजऱ्यात कोंडता येत नाही. पण 'सुटला बिचारा' म्हणून विषय संपवणंही नेहमी त्याच्या हिताचं नसतं. नुकताच पकडलेला, नीट उडणारा राघू रानातल्या थव्यात मिसळू शकतो. पिलू असताना घरात आलेला आणि वर्षानुवर्षं हातावर वाढलेला राघू मात्र अन्न शोधायला, शिकऱ्यापासून वाचायला शिकलेलाच नसतो. तो माणसांच्या अंगणात उतरतो, खांद्यावर येऊन बसतो आणि मांजराच्या तावडीत सापडतो. असा राघू दिसला तर वनविभागाला कळवणं हा योग्य मार्ग आहे.

वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६ ही आहे. भंडाऱ्यात उपवनसंरक्षकांचं कार्यालय आहे आणि तालुक्यांच्या ठिकाणी वनपरिक्षेत्र कार्यालयं आहेत. जखमी वन्यप्राण्यांवर आणि पक्ष्यांवर उपचार करणारं वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर नागपुरात सेमिनरी हिल्स इथे आहे. भंडाऱ्याहून नागपूर साधारण ६० किलोमीटर आहे. रानपक्षी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत वन अधिकाऱ्याला कळवावं, असं कायदा सांगतो.

मग कोणते पक्षी पाळता येतात?

बजरीगर, कॉकटेल, झेब्रा फिंच हे मूळचे ऑस्ट्रेलियाकडचे, तर लव्हबर्ड आफ्रिकेतले. आपल्याकडे बाजारात बजरीगरलाच सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, त्यामुळे पोस्टमध्ये नावापेक्षा फोटोवर भर द्यावा. हे परदेशी पक्षी पाळता येतात.

आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुआ, सन कॉन्युअर अशा पक्ष्यांचा व्यापार 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. केंद्र सरकारने २८ फेब्रुवारी २०२४ ला काढलेल्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची नोंदणी 'परिवेश' पोर्टलवर करणं बंधनकारक आहे. ही नोंदणी पक्षी हरवल्यावरही उपयोगी पडते, कारण तो तुमचा असल्याचा कागद हातात राहतो. असा पक्षी उडाला तर वनविभागालाही लेखी कळवून ठेवावं.

परदेशी पक्षी मुद्दाम सोडून देणं हे पुण्याचं काम नाही. बजरीगरचं वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम असतं. भंडाऱ्याच्या उन्हात किंवा मुसळधार पावसात तो फार काळ टिकत नाही. उलट टिकणाऱ्या जातींनी दुसराच प्रश्न उभा केला आहे. आपला राघू पिंजऱ्यातून सुटून किंवा सोडला जाऊन लंडनसह युरोपातल्या अनेक शहरांत स्थायिक झाला आणि आज तिथे त्याचे मोठे थवे आहेत.

तुमच्या अंगणात अनोळखी पक्षी आला तर?

माणसाला न घाबरणारा, पायात कडी असलेला किंवा निळा, पांढरा, पिवळा असा वेगळ्या रंगाचा छोटा पोपट दिसला तर तो कुणाच्या तरी घरचा आहे असं समजा.

- पंखे बंद करा, आरशांवर आणि काचांवर कापड टाका, मग खिडक्या लावून घ्या.
- पिंजरा नसेल तर भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका चालतो. तळाला कापड पसरा आणि खोका शांत, उबदार जागी ठेवा.
- उथळ वाटीत पाणी आणि बाजरीचे दाणे ठेवा. चोच उघडून पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. चहा, बिस्कीट, फरसाण, चॉकलेट देऊ नका.
- 'पक्षी सापडला' अशी पोस्ट करा, पण कडीचा नंबर आणि खास खुणा लिहू नका. मालकालाच त्या सांगू द्या.
- पक्षी फुगून बसला असेल, शेपटी वर-खाली करत श्वास घेत असेल किंवा मांजराने धरला असेल, तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मांजराच्या दातांतले जंतू छोट्या पक्ष्याला लवकर मारतात.

ओळख पटवण्याचे काही मासलेवाईक किस्सेही आहेत. जपानमध्ये २००८ साली टोकियोजवळ सापडलेल्या 'योसुके' नावाच्या आफ्रिकन ग्रे पोपटाने डॉक्टरांच्या दवाखान्यात स्वतःचं नाव आणि घरचा पत्ताच सांगितला आणि तो घरी पोहोचला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातला 'नायजेल' हा पोपट चार वर्षांनी, २०१४ मध्ये, शरीरातल्या मायक्रोचिपमुळे मूळ मालकाकडे परतला.

घरी परतल्यावर

आनंदाच्या भरात लगेच पोटभर खाऊ घालू नका. आधी पाणी, नेहमीचे थोडे दाणे आणि पिंजऱ्यावर अर्धं कापड टाकून शांतता द्या. पहिले एक-दोन दिवस विष्ठा, श्वास आणि खाणं यांवर लक्ष ठेवा. घरात दुसरे पक्षी असतील तर त्याला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, कारण बाहेरून तो आजार घेऊन आलेला असू शकतो.

पुन्हा उडू नये म्हणून

- बजरीगरच्या पिंजऱ्याचं वर सरकणारं दार चोचीने उचलता येतं. त्याला छोटा क्लिप किंवा कपड्यांचा चिमटा लावा.
- पाणी-दाणे बदलताना आणि पिंजरा धुताना खोलीचं दार बंद ठेवा. पिंजरा अंगणात धुवायचा असेल तर आधी पक्षी दुसऱ्या पिंजऱ्यात हलवा.
- ओसरीत टांगलेला पिंजरा वानरं पाडतात आणि मे-जूनमधलं वादळही पाडतं. हुक पक्का ठेवा आणि रात्री पिंजरा आत घ्या.
- पंख कापले म्हणजे पक्षी उडणार नाही, या भरवशावर राहू नका. पिसं पुन्हा येतात आणि वाऱ्यावर अर्धवट पंखांचा पक्षीही बराच लांब जातो. मग त्याला ना धड उडता येतं, ना परत येता येतं.
- जेवणाच्या वेळी रोज एकच शिट्टी वाजवा. शिट्टी म्हणजे खाणं ही सवय लागलेला पक्षी हरवल्यावर हाकेला उत्तर देतो.
- आजच त्याचा स्पष्ट फोटो, कडीचा नंबर आणि आवाजाचा एक मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये वेगळा जपून ठेवा.

किती दिवस शोधायचं?

पहिले तीन दिवस पूर्ण जोर लावा. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारा, पिंजरा बाहेर राहू द्या आणि पोस्ट आठवड्यातून एकदा नव्या तारखेने टाका. झाडावर दिसेनासा झालेला पक्षी अनेकदा कुणाच्या तरी घरी पोहोचलेला असतो. त्या घराला पक्षी कुणाचा हे कळायला वेळ लागतो.

घरात लहान मुलं असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बऱ्याचदा दार उघडं राहिलेलं असतं ते त्यांच्याच हातून. 'तुझ्यामुळे गेला' असं म्हणण्याऐवजी त्यांना शोधात सोबत घ्यावं. झाडाच्या शेंड्यावरचा छोटासा ठिपका आधी त्यांनाच दिसतो, आणि पक्षी ज्यांच्या हाकेला ओ देतो, तो आवाजही बहुतेक त्यांचाच असतो.